नवा फिल्टर टाकूनही डिझेल पिकअप घाटात ओढ का सोडते

डिझेल पिकअपचा डिझेल गाळणारा फिल्टर बदलला की गाडी दोन-तीन आठवडे उत्तम चालते, आणि मग पुन्हा एखाद्या लांब चढावर, माल भरलेला असताना, तिची ओढ एकाएकी कमी होते. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी वेग वाढत नाही, चेक लाइट लागतो, आणि गाडी बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की ती काही किलोमीटर पुन्हा शहाण्यासारखी वागते. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना सेल्फ नेहमीपेक्षा जास्त वेळ मारावा लागणे, हे बहुधा याच दुखण्याचे दुसरे टोक असते. अशा वेळी गॅरेजमध्ये एकच उपाय सांगितला जातो, तो म्हणजे पुन्हा फिल्टर बदलणे. आणि तो उपाय दर वेळी लागू पडल्यासारखा वाटतो, म्हणूनच मूळ कारण महिनोन्‌महिने लपून राहते. माझ्या गाडीत ते ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत लपून राहिले आणि तेवढ्या काळात चार फिल्टर खर्ची पडले.

माझी पिकअप रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी भरून पाली, नाणीज, साखरपा या मार्गाने आंबा घाट चढते आणि मलकापूरवरून कोल्हापूरला जाते. साखरप्यापर्यंत इंजिनाला फारसे कष्ट नसतात. त्यापुढच्या वळणांवर, बर्फासह भरलेल्या क्रेटचे वजन घेऊन खालच्या गिअरमध्ये चढताना मात्र डिझेलची मागणी एकदम वाढते, आणि इंधनपुरवठ्यात कोठे उणीव असेल तर ती तेथेच उघडी पडते. पावसाळी मासेमारी बंदीच्या जून-जुलैत गाडी जवळजवळ दोन महिने दारात उभी होती, टाकी निम्मी रिकामी होती. ऑगस्टात हंगाम सुरू झाला आणि तिसऱ्याच फेरीला गाडी घाटात बसली. ती दोन महिन्यांची विश्रांती आणि हा बिघाड यांचा संबंध माझ्या लक्षात यायला मात्र फेब्रुवारी उजाडला.

तपासाला हात घालण्यापूर्वी आपल्या गाडीत डिझेल टाकीतून इंजिनाकडे ओढले जाते की ढकलले जाते, हे निश्चित करावे, कारण पुढचा सगळा तपास या एका उत्तरावर अवलंबून असतो. काही गाड्यांच्या टाकीत विजेवर चालणारा पंप असतो. चावी फिरवून इंजिन सुरू न करता कान दिला, तर टाकीच्या बाजूने काही सेकंद बारीक घरघर ऐकू येते. अशा गाडीत फिल्टरपर्यंतचा पाइप दाबाखाली असतो, आणि त्यात भेग पडली तर डिझेल बाहेर गळते, वास येतो, जमिनीवर डाग पडतो. दुसऱ्या प्रकारात टाकीत पंप नसतो. इंजिनावरील हाय प्रेशर पंपाला, म्हणजे डिझेलला प्रचंड दाब देणाऱ्या पंपाला, जोडलेला छोटा पंप फिल्टरमधून डिझेल शोषून घेतो. माझी गाडी या दुसऱ्या प्रकारची आहे, आणि आपल्याकडे धावणाऱ्या जुन्या पिकअपांपैकी पुष्कळशा याच प्रकारच्या आहेत. या रचनेत टाकीपासून पंपापर्यंतचा सगळा मार्ग इंजिन चालू असताना शोषणाखाली असतो. तेथे भेग पडली तर डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. पाइप कोरडा, जोड कोरडे, खाली एक थेंबही नाही, आणि तरीही गाडी हवा घेत असते. मिस्त्री टॉर्च घेऊन गाडीखाली जातो, सगळे कोरडे पाहून ‘लिकेज नाही’ असे सांगतो आणि संशय पुन्हा फिल्टरवर येतो.

आता नवा फिल्टर टाकल्यावर गाडी सुधारते कशी, हे पाहावे लागेल, कारण मला सर्वांत जास्त काळ याच गोष्टीने फसवले. फिल्टर नवा असतो तेव्हा त्यातून डिझेल सहज जाते आणि पंपाला थोडेच शोषण करावे लागते. फिल्टरच्या कागदात गाळ भरत गेला की तेवढेच डिझेल मिळवण्यासाठी पंप अधिक जोराने ओढतो, आणि फिल्टर व पंप यांच्यामधल्या पाइपातील शोषण वाढते. त्या टप्प्यात एखादी केसासारखी बारीक भेग असेल, तर कमी शोषणावर ती हवा घेत नाही किंवा नगण्य घेते. शोषण एका मर्यादेपलीकडे गेले की बुडबुडे सुरू होतात. म्हणजे दोष जोडात असतो, पण तो फिल्टर जुना होईपर्यंत दिसत नाही, आणि फिल्टर बदलताच नाहीसा झाल्यासारखा वाटतो. त्यात भर म्हणजे दर वेळी फिल्टर बदलताना तोच जोड काढला आणि बसवला जातो, त्यामुळे भेग वाढत जाते. माझा पहिला फिल्टर तीन आठवडे टिकला, शेवटचा नऊ दिवस.

कॉमन रेल इंजिनात हवेचे बुडबुडे इतके त्रासदायक का ठरतात, हेही थोडक्यात सांगतो. अशा इंजिनात पंप जास्त दाबाचे डिझेल ‘रेल’ नावाच्या एका सामाईक नळीत भरतो, आणि तेथून इंजेक्टर ते इंजिनात फवारतात. रेलमधला दाब इंजिन आळसावलेले, म्हणजे आयडलिंगवर, असताना काही शे बार असतो (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब) आणि भार पडल्यावर सोळाशे बार किंवा त्याहून वर जातो. डिझेल फारसे दाबले जात नाही, हवा सहज दाबली जाते. त्यामुळे पंपाच्या प्रत्येक फटक्यात हवेचा वाटा वाढला की तेवढा दाब कमी तयार होतो. इंजिनाचा संगणक मागितलेला दाब आणि मिळालेला दाब यांची सतत तुलना करतो, आणि तफावत वाढली की शक्ती मर्यादित करून चेक लाइट लावतो. स्कॅनर लावल्यास अशा वेळी बहुधा पी ००८७ हा कोड दिसतो; रेलमधला दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ. काही गॅरेजांत हा कोड पाहताच पंप किंवा इंजेक्टर बदलण्याचा अंदाजखर्च हातात दिला जातो. कोड परिणाम सांगतो, कारण सांगत नाही, आणि कमी दाबाच्या स्वस्त कारणांची तपासणी पूर्ण होईपर्यंत महागड्या सुट्या भागांना हात लावू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हवा घेण्याचा तपास घरच्या घरी करता येतो आणि त्याला फार अवजारे लागत नाहीत. पहिली पाहणी सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी करावी. फिल्टरच्या वरच्या भागावर किंवा त्याच्या अलीकडच्या पाइपावर हाताने दाबायचा प्रायमर, म्हणजे डिझेल पुढे ढकलणारा छोटा हातपंप, असतो. आदल्या रात्री तो दाबून कडक केला आणि सकाळी तो पूर्ण मऊ लागला, तर रात्रभरात कोठूनतरी हवा शिरून डिझेल टाकीकडे परतले, असा संशय घ्यायला जागा आहे. प्रायमर पुन्हा कडक होईपर्यंत दाबून गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली, तर हा संशय जवळजवळ पक्का होतो. यालाच जोडून एक बिनखर्चाचा प्रयोग आहे: एक रात्र गाडी चढावर, तोंड वर करून उभी करावी आणि दुसरी रात्र उतारावर, तोंड खाली करून. तोंड वर असताना टाकी इंजिनापेक्षा खाली राहते आणि डिझेल मागे ओघळते. तोंड खाली असताना ते जागेवर राहते. पहिल्या सकाळी गाडी कुरकुरली आणि दुसऱ्या सकाळी चटकन सुरू झाली, तर ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होण्यासाठी आत उष्णता देणारे प्लग), बॅटरी आणि इंजेक्टर यांच्यावरचा संशय बराच कमी होतो.

त्यानंतर पारदर्शक नळीचा प्रयोग करावा. डिझेलला टिकणारी, योग्य व्यासाची स्वच्छ पारदर्शक नळी फिल्टरच्या बाहेर जाणाऱ्या पाइपात, पंपाच्या आधी, तात्पुरती जोडावी आणि दोन्ही टोकांना चांगल्या क्लिपा लावाव्यात. हा भाग केवळ कमी दाबाच्या बाजूचा आहे. हाय प्रेशर पंपानंतरच्या पोलादी पाइपांना कोणत्याही कारणाने हात लावू नये. इंजिन सुरू करून रेस वाढवल्यावर नळीतून एकसंध डिझेल वाहिले पाहिजे. सुरुवातीचे काही बुडबुडे निघून जातात, त्यांची काळजी नको. पण दोन-तीन मिनिटांनंतरही बारीक बुडबुड्यांची माळ चालूच राहिली, तर हवा निश्चित येत आहे. मग तीच नळी फिल्टरच्या आधी, टाकीकडून येणाऱ्या पाइपात लावावी. तेथे डिझेल स्वच्छ आणि पुढे बुडबुडे असतील, तर दोष फिल्टरच्या डोक्यात (फिल्टर ज्यावर आवळतात त्या भागात), वॉशरमध्ये किंवा फिल्टरच्या जोडांत आहे. तेथेही बुडबुडे असतील, तर मागे टाकीकडे सरकावे. शंका उरलीच, तर टाकीला वगळून स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून थेट फिल्टरला पुरवठा द्यावा आणि परतीच्या, म्हणजे इंजिनाकडून न जळता टाकीकडे परत येणाऱ्या, डिझेलची नळीही त्याच कॅनमध्ये सोडावी. गाडी जागेवर उभी ठेवूनच हे करायचे आहे. कॅनवर बुडबुडे थांबले आणि टाकीवर पुन्हा सुरू झाले, तर वाद मिटला.

मासळीच्या गाड्यांबद्दल येथे थोडे विषयांतर करतो, कारण कोकणात ही गोष्ट नेहमी पाहायला मिळते. क्रेटमधून गळणारे बर्फाचे खारट पाणी हौद्याच्या फटींतून चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, ठिबकत राहते, आणि चासीवरून जाणारे पोलादी डिझेल पाइप ज्या क्लिपांनी धरलेले असतात त्या क्लिपांच्या खाली साचते. वरून पाइप चांगला दिसतो, क्लिप काढली की खाली गंजाचा पापुद्रा निघतो आणि कधीकधी त्यात सुईच्या टोकाएवढे भोक असते. फिल्टरमध्ये साचलेले पाणी ओळखणाऱ्या वॉटर सेन्सरच्या प्लगमध्येही हेच पाणी शिरून हिरवट क्षार जमतो आणि पाण्याचा दिवा उगीच लागतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे लागायला हवा तेव्हा लागत नाही. मासळी, मीठ किंवा ओली वाळू वाहणाऱ्या गाडीच्या या क्लिपा वर्षातून एकदा तरी उघडून पाहाव्यात.

माझ्या गाडीत चासीवरचे पाइप चांगले निघाले. बुडबुडे फिल्टरच्या पुढे होते. फिल्टरमधून बाहेर जाणाऱ्या पाइपाला प्लास्टिकचा दाबून बसणारा जोड आहे. दोन्ही बाजूंच्या खुंट्या दाबल्या की तो सुटतो. पहिल्या बदलाच्या वेळी एका गॅरेजात तो खुंट्या न दाबता पेचकसाने उचकटून काढला गेला होता, हे मी उभा राहून पाहिले होते आणि काही बोललो नव्हतो. त्या जोडाच्या कडेला पडलेली भेग नखाला लागत होती, डोळ्याला दिसत नव्हती. मात्र केवळ हा जोड बदलून काम संपले असते, तर फिल्टर तीन आठवड्यांत भरण्याचे कारण उरले नसते. भेगेमुळे हवा येत होती, पण फिल्टर भरत कशाने होता, हा प्रश्न शिल्लक होताच.

त्याचे उत्तर जुन्या फिल्टरमध्ये असते, आणि आपण तो कचऱ्यात टाकतो. काढलेला फिल्टर आधी पूर्ण रिकामा करून, पत्र्याचा असल्यास हॅक्सॉने सावकाश कापून आतला कागद उलगडून पाहावा. ग्राइंडर वापरू नये, कारण ठिणगी आणि डिझेलचे अवशेष यांची गाठ घालणे शहाणपणाचे नाही. कागद एकसारखा करडा-तपकिरी झाला असेल, तर ते वयाचे लक्षण आहे. लालसर गाळ असेल तर टाकी किंवा पाइप गंजत आहेत. चंदेरी चमकणारी पूड दिसली तर गाडी तेथेच थांबवावी आणि ती पूड कोठून आली याचा शोध लागेपर्यंत सुरू करू नये, कारण हाय प्रेशर पंप आतून झिजू लागला की परतीच्या डिझेलबरोबर त्याची पूड टाकीत जाते आणि टाकीतून पुन्हा फिल्टरकडे येते. माझ्या फिल्टरमध्ये चौथा प्रकार होता: काळपट, बुळबुळीत, शेवाळासारखा थर, आणि त्याला आंबूस कुबट वास.

हा थर सूक्ष्म जीवांचा असतो. टाकीच्या तळाशी पाणी साचले की पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात; राहायला पाणी आणि खायला डिझेल, अशी त्यांची सोय होते. रोज धावणाऱ्या आणि वारंवार भरल्या जाणाऱ्या टाकीत त्यांना निवांतपणा मिळत नाही, पण निम्म्या टाकीनिशी दोन महिने उभ्या राहिलेल्या गाडीत, त्यातही कोकणच्या पावसाळी दमट हवेत, त्यांना हवे ते सगळे मिळते. हा थर फिल्टर तर भरतोच, टाकीतल्या शोषनळीच्या जाळीवरही चिकटतो. जाळी भरल्याची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: गाडी बंद पडल्यावर लगेच चावी फिरवून काही उपयोग होत नाही, पण दहा-पंधरा मिनिटे थांबले की जाळीवरचा थर सुटून खाली पडतो आणि गाडी काही अंतर पुन्हा नीट जाते. चावी बंद-चालू करताच ओढ परत येणे हा प्रकार वेगळा; त्यात संगणकाने घातलेली मर्यादा तात्पुरती उठलेली असते. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले तरी थांबून सुधारण्याचा भास होतो. गाडी ओढ सोडेल तेव्हा झाकण उघडावे, हवा आत जाण्याचा फुस्स आवाज होऊन गाडी सुधारली, तर झाकणच बदलावे.

राहिला प्रश्न पाण्याचा. मी नेहमीप्रमाणे पेट्रोल पंपाला दोष देत होतो. मग फिल्टरच्या तळाची चावी सैल करून निघालेले पाणी काचेच्या बाटलीत धरले आणि हिशेब मांडला. भारतीय मानक १४६० नुसार डिझेलमध्ये एका किलोला २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त पाणी चालत नाही. मी आठवड्याला सुमारे १५० लिटर डिझेल जाळतो, म्हणजे वजनाने १२५ किलोच्या आसपास. त्यात मानकाच्या कमाल मर्यादेइतके पाणी धरले तरी ते २५ ग्रॅम होते, आणि तेही बहुतांशी विरघळलेले असल्याने सगळे फिल्टरच्या तळाशी साचत नाही. माझ्या बाटलीत एका आठवड्याचे दीडशे मिलिलिटर पाणी होते. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरले असते तर तेथे भरणाऱ्या इतर गाड्याही अडल्या असत्या. तशी कोणाची तक्रार नव्हती. पंपावर मोजपट्टीला पाणी ओळखणारी पेस्ट लावून टाकी तपासतात, आणि विनंती केल्यावर तेथील व्यवस्थापकाने ती तपासणी माझ्यासमोर करून दाखवली. टाकीत पाणी नव्हते.

पाणी माझ्याच अंगणातून येत होते. भल्या पहाटे बंदरावर जाताना पंपाची फेरी वाचावी म्हणून मी दोनशे लिटरचे एक बॅरल घरी भरून ठेवतो, आणि ते पडवीच्या कडेला, उभे, अर्धवट उघड्यावर होते. उभ्या बॅरलच्या वरच्या कडेआत पावसाचे पाणी तळ्यासारखे साचते. दिवसा ऊन लागले की आतली हवा फुगून बुचाच्या बाजूने थोडी बाहेर जाते. रात्री गारवा आला की ती आकसते आणि बाहेरची हवा आत ओढते, पण बुचावर पाणी उभे असेल तर हवेऐवजी पाणी आत जाते. बुच घट्ट दिसत असले तरी रोजच्या या श्वासोच्छ्‌वासापुढे त्याचे चालत नाही. पावसाळा संपल्यावरही तळाशी साचलेले पाणी तेथेच राहते आणि हातपंपाची नळी तळाला टेकलेली असल्याने ते सगळ्यात आधी गाडीत जाते. बॅरल छपराखाली घ्यावे. ते शक्य नसेल तर आडवे ठेवावे आणि दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत, डिझेलच्या पातळीखाली राहतील असे पाहावे. उपसताना नळी तळापासून चार बोटे वर धरावी. जस्ताचा मुलामा दिलेली पिंपे डिझेलसाठी मुळीच वापरू नयेत, कारण जस्ताशी डिझेलची प्रक्रिया होऊन साबणासारखा गाळ तयार होतो आणि तो फिल्टर बुजवतो.

पाण्याचे नुकसान फिल्टर भरण्यापुरते मर्यादित नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ (भारत स्टेज-६ या प्रदूषण मानकाच्या) डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत १० भागांवर आले; त्याआधी ही मर्यादा ५० होती. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणगुण कमी होतो, म्हणून तो राखण्यासाठी वेगळे रसायन मिसळले जाते. हाय प्रेशर पंपाला वंगण म्हणून दुसरे काहीच मिळत नाही, त्यातून जाणारे डिझेल हेच त्याचे तेल. त्यात पाण्याचा घोट आला की धातूवर धातू घासतो, आणि गाडी उभी राहिली की तेथे गंज धरतो.

टाकी उतरवून आतून धुतली, जाळी साफ केली, जुने डिझेल काढून टाकले. टाकीत नुसते जंतुनाशक रसायन ओतण्याचा सल्ला मिळतो आणि थोडी वाढ असेल तर त्याचा उपयोगही होतो, पण थर जाड झालेला असताना ते ओतल्यास मेलेला सगळा थर एकदम सुटून फिल्टरवर येतो. मला टाकी धुणेच योग्य वाटले.

आता फिल्टर बदलण्याच्या कामाकडे वळतो. हे काम थंड इंजिनावर, सपाट जागी करावे आणि गाडी बंद केल्यानंतर रेलमधला दाब उतरायला काही मिनिटे द्यावीत. काम सुरू करण्यापूर्वी फिल्टरचे डोके आणि त्याभोवतीची धूळ ब्रश आणि थोड्या स्वच्छ डिझेलने पुसून घ्यावी, कारण फिल्टर काढल्यावर उघडी राहणारी पंपाकडची बाजू गाडीतल्या कोणत्याही तेलमार्गापेक्षा नाजूक असते. इंजेक्टरच्या आतील फटी काही मायक्रॉनच्या असतात. माणसाचा केस त्याहून कितीतरी जाड. आधी तळाची चावी उघडून पाणी व डिझेल पारदर्शक बाटलीत काढावे, पाइपांचे जोड खुंट्या दाबून हाताने सोडवावेत, आणि सुटलेल्या टोकांवर स्वच्छ प्लास्टिक पिशवी गुंडाळून रबर लावावे. कापडाचे बोळे कोंबू नयेत. त्यांचे धागे आत राहतात. पट्ट्याच्या पान्याने फिल्टर काढल्यावर जुना वॉशर त्याच्याबरोबर आला की डोक्यालाच चिकटून राहिला, हे बोट फिरवून पाहावे. जुन्या वॉशरवर नवा बसला तर तो जोड हवा घेणारच, आणि ही चूक अनुभवी हातांकडूनही होते. पाण्याचा सेन्सर नव्या फिल्टरवर चढवताना त्याची लहान रबरी रिंगही नवी घालावी.

नवा फिल्टर बसवण्यापूर्वी डिझेलने भरावा की नाही, यावर मिस्त्री लोकांत कायम मतभेद असतात. जुन्या पद्धतीच्या इंजिनांवर काम केलेले लोक फिल्टर काठोकाठ भरूनच चढवतात आणि त्या काळी ते चालत असे. कॉमन रेलच्या गाडीत मधल्या छिद्रातून डिझेल ओतणे म्हणजे न गाळलेले डिझेल थेट पंपाच्या दिशेला ठेवणे होय. भरायचाच असेल तर बाहेरच्या बाजूच्या लहान छिद्रांतून, मधले छिद्र झाकून, स्वच्छ डिझेल सावकाश ओतावे म्हणजे ते कागदातून गाळूनच आत जाईल. मी मात्र फिल्टर कोरडाच चढवतो आणि प्रायमरने भरतो. वेळ जास्त लागतो, अंगठा दुखतो, पण घाण आत जाण्याचा मार्गच राहत नाही.

वॉशरला स्वच्छ डिझेलचे बोट लावून फिल्टर हाताने फिरवावा. वॉशर टेकल्यावर पुढे किती फिरवायचा हे फिल्टरच्या डब्यावर छापलेले असते, बहुधा पाऊण फेऱ्याच्या आसपास. पान्याने आवळल्यास वॉशर चेपतो आणि पुढच्या वेळी फिल्टर सुटताना डोके तुटण्याची वेळ येते. जोड बसवताना ‘टक’ असा आवाज यायला हवा आणि नंतर हलके ओढून तो सुटत नाही हे पाहावे. हवा काढण्याचा ब्लीडर स्क्रू असल्यास तो सैल करून बुडबुड्यांविना डिझेल येईपर्यंत प्रायमर दाबावा, मग स्क्रू आवळून प्रायमर दगडासारखा कडक होईपर्यंत दाबत राहावे. साठ-सत्तर वेळा दाबावे लागले तरी नवल नाही. टाकीत विजेचा पंप असलेल्या गाडीत हेच काम चावी चालू करून काही सेकंद थांबणे आणि बंद करणे, असे चार-पाच वेळा केल्याने होते. हवा न काढता सेल्फ मारत राहणे ही सर्वांत महागडी घाई होय. पंप कोरडा फिरतो आणि त्याची झीज पुढे अनेक महिने खर्च काढते. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये निदान अर्धा मिनिट थांबावे.

एका जुन्या सवयीबद्दल कडक शब्दांत लिहिणे भाग आहे. पूर्वी हवा काढण्यासाठी इंजेक्टरचे नट सैल करून सेल्फ मारत असत. कॉमन रेलच्या गाडीत असे कधीही करू नये. हजार बारपेक्षा अधिक दाबाने सुटलेली डिझेलची धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि आतले मांस सडत जाते. अशी दुखापत झाल्यास दुखत नसले तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना दाबाखालचे डिझेल शिरले आहे, हे स्पष्ट सांगावे.

गाडी सुरू झाल्यावर तीन-चार मिनिटे आळसावलेल्या वेगावर चालू द्यावी, रेस मारू नये, आणि बंद करून सगळे जोड कोरड्या वर्तमानपत्राच्या तुकड्याने टिपावेत. इंजिन बंद असताना प्रायमर दाबून टिपणे अधिक उपयोगी ठरते, कारण त्या वेळी फिल्टर आणि त्यापुढचा पाइप शोषणाऐवजी दाबाखाली येतो, आणि एरवी हवा घेणारी भेग कागदावर ओला ठिपका उमटवते. माझ्या जोडाने हा ठिपका पहिल्याच दिवशी दाखवला असता. मला ही तपासणी चौथ्या फिल्टरनंतर सुचली.

फिल्टर नवा, टाकी स्वच्छ, नळीत एकही बुडबुडा नाही, आणि तरीही गाडी गरम झाल्यावर सुरू व्हायला त्रास देत असेल, तर इंजेक्टरांच्या परतीच्या डिझेलची मोजणी करून घ्यावी. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला सारखी बाटली लावून ठरावीक वेळ इंजिन चालवतात. एका बाटलीत इतरांपेक्षा बरेच जास्त डिझेल जमले तर तो इंजेक्टर दाब गळू देत आहे. थंड गाडीला त्रास आणि गरम गाडी ठीक असेल तर हवा किंवा ग्लो प्लग, आणि याच्या उलट असेल तर इंजेक्टर, असा माझा ढोबळ अडाखा आहे.

जोड बदलून आणि टाकी धुऊन पाचवा फिल्टर टाकला. घाण धुतलेल्या टाकीतही थोडी उरते, म्हणून तो मुद्दाम पंधराशे किलोमीटरवर काढून कापला. कागदावर किरकोळ काळे डाग होते, बुळबुळीत थर नव्हता. सहावा फिल्टर आता मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतरापर्यंत ठेवणार आहे. दर रविवारी तळाची चावी सैल करून अर्धा कप डिझेल बाटलीत काढतो आणि उजेडात धरून पाहतो. गेल्या रविवारी बाटलीच्या तळाशी चण्याएवढा पाण्याचा एक थेंब होता. येत्या जूनमध्ये गाडी उभी करण्याच्या आदल्या दिवशी टाकी काठोकाठ भरणार आहे. बॅरल तर आत्ताच पडवीत आत सरकवले आहे.